ओठाचा डावा कोपरा

४ मार्च

प्रिय ताई,

तू बरी असशील. मी बरी आहे. एवढं लिहून मी तीनदा उठले, एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा खिडकी लावायला आणि एकदा उगाचच. आता चौथ्यांदा बसले आहे ती पत्र संपवूनच उठेन.

माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंसुलटं करशील, कोण गेलं म्हणून. कुणी गेलेलं नाही. आपल्या दोघींमध्ये पत्र म्हणजे वाईट बातमी, असंच होऊन बसलंय. आई गेली तेव्हाचं शेवटचं, त्यालाही सहा वर्षं झाली. तेव्हा तू दोन दिवस आलीस, आपण कपाटं रिकामी केली आणि दोन्ही दिवस पडद्यांबद्दल बोललो. कुठले ठेवायचे, कुठले टाकायचे. पडदे विकणारेसुद्धा पडद्यांबद्दल इतकं बोलत नसतील. फोन केला असता, पण फोनवर आपण "बरं", "ठीक" आणि "ठेवते" यापलीकडे जात नाही.

कारण अगदी साधं आहे. मला तुझा सल्ला हवाय, आणि तोही पावडरीबद्दल. हसू नकोस.

मी नेमकं काय करते ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आधी ते सांगते. म्हातारपणी किंवा आजारपणात ज्यांचे कान गेले अशा मोठ्या माणसांना मी ओठ वाचायला शिकवते. वर्गात मी आवाज न काढता बोलते, ती माणसं माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात आणि मी काय म्हणाले ते ओळखतात. सध्या अकरा जण आहेत. एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. माझं वाक्य संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार असतं, आणि बहुतेक वेळा चुकीचं. एक कुलूपवाले काका आहेत. जन्मभर किल्ल्या घासल्या, त्या आवाजानेच कान गेले म्हणतात. ते हट्टाने शेवटच्या रांगेत बसतात, का तर "लांबून जमलं तरच जमलं."

पहिल्या दिवशी मी फळ्यावर चार शब्द लिहिते. पाप, बाप, माप, माफ. चारही शब्द ओठांवर अगदी एकसारखे दिसतात. ओठ मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. फरक सगळा आत, घशात आणि नाकात. मग मी त्यातला एक शब्द आवाज न काढता म्हणते आणि विचारते, कुठला? सगळे छातीठोकपणे सांगतात आणि मग भांडत बसतात. यंदा कुलूपवाले म्हणाले, "बाई, बापाने माफ केलं की पाप केलं, हे मग कळायचं कसं?" मी म्हटलं, पुढचामागचा शब्द बघायचा, एकटा शब्द कधी वाचायचा नाही. हा आमच्या वर्गाचा पहिला नियम.

तर आता संस्थेने सरावासाठी व्हिडिओ काढायचं ठरवलंय. ते सगळ्या केंद्रांवर जाणार, माणसं घरी बसून बघणार. आणि त्यात तोंड माझं, पडदाभर. मला हे काम करायचंच आहे, ताई. पंधरा वर्षं मी याच्या मागे होते. शूटिंग अठ्ठावीस तारखेला आहे. कॅमेरावाला म्हणाला, दिव्यांखाली चेहरा चमकतो, पावडर लावून या. आणि मी आजवर पावडरीच्या वाटेला गेलेली नाही. का ते तुला वेगळं सांगायला नको.

म्हणून काल दुकानात गेले. ताई, तीच डबी अजून मिळते! गोल, सोनेरी, झाकणावर दाबून उमटवलेली फुलं, उघडलं की वर आरसा आणि खाली वडी. वाससुद्धा तोच. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "रोजच्यासाठी हवीय की खास प्रसंगाला?" मी म्हटलं, रोजच्यासाठी. शूटिंग एकच दिवस आहे, तरी रोजच्यासाठी म्हणाले. ती म्हणाली, "मग हीच घ्या मॅडम, क्लासिक आहे, आजीपासून नातीपर्यंत सगळ्या हीच नेतात." घेतली.

घरी येऊन लावून बघितली. पहिल्यांदा इतकी लागली की मीच दचकले. तुझे मेहुणे नकाशे काढतात, केसाएवढी रेघ चुकली तर त्यांना जेवण जात नाही. त्यांनी कागदावरून मान वर केली आणि म्हणाले, "पीठ लागलंय तोंडाला." दुसऱ्यांदा कमी लावली तर लावल्यासारखी दिसेचना. तिसऱ्यांदा बेताची लागली, पण जरा बोलले तर ओठांच्या कडेला भेगा पडल्या, डाव्या कोपऱ्यात तर फारच. माझं तोंड दिवसभर चालतं. मग काय करायचं? आधी खाली काही लावतात का? पफ चांगला की ब्रश? दाबायचं की फिरवायचं? आणि समज, एकाच जागी, म्हणजे डाव्या कोपऱ्यात, थोडी जास्त लावायची असेल तर ते ओळखू येतं का?

तू अकरा महिने हेच काम केलंस, म्हणून तुला विचारते. तुझ्यासारखा हात मी पुन्हा कुणाचा बघितला नाही.

दुकान कसं चाललंय? अजून बूट स्वतःच बेततेस की आता नुसती देखरेख? गुडघे काय म्हणतात?

उत्तर लवकर पाठव. अठ्ठावीसच्या आत.

तुझी बहीण


१५ मार्च

प्रिय ताई,

तुझं उत्तर पोचलं. उत्तर म्हणजे ऑर्डरीच्या कागदाची मागची बाजू. वर मायना नाही, खाली सही नाही. मी घाईत पुढची बाजू आधी वाचली. "डावा पाय फुगीर, अंगठ्याला जागा सोडणे." पावडरीचा आणि अंगठ्याचा संबंध लावण्यात माझी पाच मिनिटं गेली.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. तोंड धुऊन दहा मिनिटं थांबले. चण्याएवढं क्रीम बोटाने थोपटून लावलं. पफ घासला नाही, नुसता दाबला. नाकापासून बाहेर बाहेर गेले आणि ओठांच्या कडा शेवटी, पफवर जे उरलं होतं तेवढ्यावर भागवल्या. आरसा खिडकीसमोर नेला. वडीवर पफ जोरात फिरवला की ती वरून चकाकते आणि मग पावडर सोडेनाशी होते, तेव्हा सुरीच्या पाठीने वरचा थर खरवडायचा, हे तर मला दुकानातल्या मुलीनेसुद्धा सांगितलं नव्हतं. माझी वडी पहिल्याच आठवड्यात चकाकली होती. तू इथे नसताना तुला ते कसं कळलं?

आणि तुझी शेवटची ओळ. "डाग कुठे आहे?"

मी डाग हा शब्द लिहिला नव्हता गं. पत्र टाकायच्या आधी दोनदा वाचून काढलं होतं, तो शब्द कुठे निसटला नाही ना म्हणून.

ओठाच्या डाव्या कोपऱ्यात आहे. हिवाळ्यात मसुरीच्या दाण्याएवढा होता, मला वाटलं टूथपेस्ट लागलीय. आता अंगठ्याच्या नखाएवढा झालाय आणि हनुवटीकडे उतरायला लागलाय. त्वचेच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही, वाढेल की थांबेल ते सांगता येत नाही. मग कागदावर त्याचं लांबलचक नाव लिहून दिलं. मी म्हटलं, याचं आमच्या घरातलं नाव मला माहीत आहे.

कोड.

हा शब्द मी आज पहिल्यांदा हाताने लिहिला. छत्तीस वर्षांपूर्वी एकदा म्हटला होता, तोही चुकीचा. आता सांगायला बसलेच आहे तर सांगून टाकते, नाहीतर पुन्हा गॅस बघायला उठेन.

मी आठ वर्षांची होते, तू वीस. रोज कामावर निघताना तू मला एक कोडं घालायचीस आणि संध्याकाळी आल्या आल्या उत्तर मागायचीस. मी दिवसभर ते घोकायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून त्यांचं डोकं खायची. टकळी हे नाव तूच ठेवलंस. आणि रोज सकाळी तू आरशासमोर बसलीस की आई मागे उभी राहायची, तुझे केस बाजूला करून कानाखाली, मानेवर पफ दाबायची आणि हळूच विचारायची, "कोड झाकलं ना नीट?" मला ऐकू यायचं, कोडं. मला वाटायचं, आजच्या कोड्याचं उत्तर तुझ्या मानेवर लिहिलेलं आहे आणि मला दिसू नये म्हणून आई वर पावडर लावते. मी किती वेळा तुझ्या मागे मागे फिरले असेन, ती मान बघायला! तू गुदगुल्या होतात म्हणून पळायचीस.

त्या दिवशी आई मला घेऊन तुझ्या दुकानात आली. तुझं ते काउंटर, गोल आरसे, उंच स्टुलं. तू एका बाईंच्या गालाला पावडर लावत होतीस आणि दोन बाया रांगेत होत्या. तुझ्या त्या मोठ्या मॅडम माझ्यापाशी वाकल्या आणि लाडाने म्हणाल्या, "काय गं, तुला नाही लावायची पावडर?" मी म्हटलं, "मला कशाला? माझ्याकडे कोडं नाहीये. ताईकडे आहे, इथे, पावडरीखाली. आई रोज झाकते."

मॅडमना कोडं ऐकू आलं नाही. त्यांना जे ऐकू यायचं तेच आलं.

त्यांनी कापसाचा बोळा ओला केला, तुझी हनुवटी धरून मान वळवली आणि सगळ्यांसमोर पुसली. मग तुझे पफ, तुझे ब्रश, उघडलेल्या सगळ्या डब्या कचऱ्याच्या पेटीत टाकल्या. ज्या बाईंना तू पावडर लावली होतीस त्या अर्ध्या रंगलेल्या तोंडाने उठून गेल्या. मी त्या वेळी काय करत होते सांगू? मी तुझ्या मानेवर उत्तर शोधत होते. पांढरा डाग होता, अक्षर एकही नव्हतं.

आई घरी येऊन म्हणाली, "हिच्या जिभेला हाड नाही." तू काहीच म्हणाली नाहीस. ना रागावलीस, ना रडलीस. दुसऱ्या दिवशी तू मला कोडं घातलं नाहीस आणि त्यानंतर मला कुणी टकळी म्हटलं नाही, कारण मी बोलायचंच सोडलं. पुढे मी आवाज न काढता बोलायच्या धंद्यात पडले याचं लोकांना नवल वाटतं. मला कधी वाटलं नाही.

त्या सकाळचं कोडं अजून पाठ आहे. "उघडली की दोघी, मिटली की एकटी." नवी डबी पहिल्यांदा उघडली आणि आरशात दुसरी मी दिसली, तेव्हा उत्तर सापडलं.

आता या पत्राचा शेवट कसा करतात ते मला सुचत नाही. तू सांगितलेली पावडर छान बसते. तासभर टिकते.

तुझी बहीण


२४ मार्च

प्रिय ताई,

तुझं उत्तर नाही. नऊ दिवस झाले. पोस्टमनला मी रस्त्याच्या वळणावर गाठते, तो आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

कशात जीव लागत नाही. काल एकच भांडं दोनदा घासलं, आणि बसस्टॉपवर उभी राहून माझी बस माझ्यासमोरून जाऊ दिली. डबी पर्समध्ये असते, दर तासाला बाथरूममध्ये जाऊन कोपरा बघते. क्रीम, पफ, दाबा. पुन्हा वर्गात. पुन्हा भेगा. संस्थेतल्या बाया कौतुकाने म्हणतात, अगंबाई, हल्ली छान दिसतेस. मी हसते, आणि हसलं की कोपरा फाटतो म्हणून लगेच तोंड मिटते.

वर्गाचं मात्र काहीतरी बिनसलंय. गेले पंधरा दिवस माझ्या माणसांच्या चुका वाढल्यात. जे शब्द डिसेंबरात पटापट ओळखायचे ते आता अडतात. मला वाटलं, त्यांचंच लक्ष नाही. एकदा तर सिस्टरवर जरा ओरडलेच, आणि ऐकू न येणाऱ्या माणसावर ओरडणं यासारखा मूर्खपणा नाही. शेवटी आज कुलूपवाले उभे राहिले. त्यांना आवाजाचा अंदाज नसतो, त्यामुळे सगळ्या मजल्याला ऐकू गेलं.

"बाई, राग मानू नका. पण तुम्ही तोंडाला काय फासता ते बंद करा. तोंड सगळं एका रंगाचं झालंय. ओठ कुठे संपतो तेच दिसत नाही."

मी फळ्याकडे तोंड फिरवलं. आमच्याकडे याला फार मोठी चूक समजतात, बहिऱ्या माणसांकडे पाठ करून उभं राहणं. मग वळले आणि, का कोण जाणे, आवाज न काढता म्हणाले, "मला कोड आलंय."

ओठांवर क आणि ग दिसत नाहीत, ताई. ते घशातले. कुलूपवाल्यांचा चेहरा एकदम खुलला. "गोड? गोड आणलंय? मग द्या की, लपवता कशाला!" सिस्टरनी तर पर्समधून रुमाल काढून मांडीवर पसरला. मला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, कोड. खाली बाण काढला आणि रुमालाने कोपरा पुसला.

सिस्टर पुढे आल्या, चष्मा वर सरकवून त्यांनी तो डाग नर्सच्या नजरेने बघितला आणि म्हणाल्या, "हा? हा तर आम्हाला जानेवारीपासून माहीत आहे." आणि कुलूपवाले म्हणाले, "अहो, त्या पांढऱ्यामुळेच तर मला मागच्या रांगेतून तुमचा 'ई' कळायचा. ओठ ताणला की तो कोपरा सरकतो. तुम्ही माझी खूणच बुजवलीत."

म्हणजे मी तीन आठवडे आटापिटा करून त्यांचं अक्षर पुसत होते. घरी येताना मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते मला माहीत आहे. मला ज्या तोंडाची भीती वाटते ते या अकरांपैकी कुणाचं नाही.

म्हणून आता विचारतेच. घटना घडल्यावर पंधरा दिवसांनी तू गेलीस. दुसऱ्या गावी, त्या बुटांच्या कारखान्यात. जाताना आईला म्हणालीस, तिथे कुणी तोंडाकडे बघत नाही, सगळे पायाकडे बघतात. मी बसच्या खिडकीखाली उभी होते. काच बंद होती, इंजिन सुरू झालं होतं. तू एकदम काहीतरी आठवल्यासारखी काचेला चिकटलीस, माझ्याकडे बोट दाखवलंस आणि बोललीस. मला ऐकू आलं नाही. काचेवर ऊन होतं. ओठ मिटले, उघडले, मिटले. तू पुन्हा तेच म्हणालीस. मग बस वळली.

मी तेव्हा ते वाचलं: पाप. तू माझ्याकडे बोट दाखवून पाप म्हणालीस, असं धरून मी मोठी झाले. पुढे हे काम शिकले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या शिक्षिकेने ते चार शब्द फळ्यावर लिहिले. म्हणजे तो शब्द माफही असू शकतो! तेव्हापासून एक दिवस पाप, एक दिवस माफ, असं चाललंय. बरं वाटत असलं की माफ, रात्र वाईट गेली की पाप. वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवतेय आणि स्वतःचा एक शब्द लागत नाही.

तू मला माफ केलं होतंस की नाही, एवढंच मला हवंय. नसलं तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण कळेल तरी.

शूटिंग परवाच्या परवा आहे, शनिवारी. पावडर लावायची की नाही ते ठरत नाही.

बहीण


८ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र काल आलं. या वेळी कोऱ्या कागदावर आणि मायन्यासकट. "टकळे" हा एक शब्द वाचून मी जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पिशव्या घेऊन येत होते, त्यांनी विचारलं बरं वाटत नाही का. मी म्हटलं, वाटतंय.

तुझं पत्र इथे पुन्हा उतरवून काढते. तुला त्याची गरज नाही, मला आहे.

"टकळे, वेडी आहेस का? आठ वर्षांच्या पोरीला मी पाप म्हणेन? आणि माफ कशाबद्दल करायचं, तुला कोडं आणि कोड यातला फरक कुणी सांगितला होता? राग आला नाही असं खोटं लिहिणार नाही. आला. आठवडाभर होता, तुझा कमी आणि आईचा जास्त, झाकायला तिनेच शिकवलं म्हणून. बसमध्ये मी म्हणत होते, माप. माप पाठव, माप. तुझ्या पायाकडे बोट दाखवत होते. बस सुटता सुटता लक्षात आलं की तुझ्या पायाचं माप घ्यायचं राहिलं. पहिला जोड तुझाच करायचा असं मी ठरवलं होतं. दोन महिने रोज टपाल बघितलं. मग अंदाजाने एक जोड बेतला, तो कुणा गिऱ्हाइकाच्या मुलीला झाला. पुढे मी धरून चालले की तुला माझ्या हातचं काही नको आहे. डाग लागतो असं तुलाही कुणी सांगितलं असेल. म्हणून आई गेली तेव्हा पडद्यांबद्दल बोलले. पावडर लाव नाहीतर लावू नकोस, पण लावलीस तर पफ धूत जा."

माप. ताई, तो शब्द मी स्वतःच्या हाताने दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. चारातला तिसरा. तो इतका साधा होता की मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. एकटा शब्द कधी वाचायचा नाही असं दुसऱ्यांना बजावते, आणि मी मात्र छत्तीस वर्षं एकटाच शब्द वाचत बसले, बोट कुठे होतं तेसुद्धा बघितलं नाही. आणि तू तिकडे टपाल बघत होतीस. तुला वाटलं, मला तुझा हात नको. मला तुझाच हात हवा होता गं, दुसऱ्या कुणाचा नको होता म्हणून तर मी जन्मात पावडर लावली नाही.

शूटिंग झालं. तुझं पत्र यायच्या आधीच, त्यामुळे घाबरतच झालं. शुक्रवारी संध्याकाळी डबी उघडून बसले. कपाळाला लावली, नाकाला लावली, गालांना लावली, तू सांगितलंस तशी, दाबून. डाव्या कोपऱ्याशी पफ नेला आणि मला कुलूपवाले आठवले. तो कोपरा तसाच सोडला. शनिवारीही तसाच सोडला. कॅमेरावाला म्हणाला, "मॅडम, इथे राहिलंय." मी म्हटलं, राहू दे, ते वाचायला लागतं. त्याला काही कळलं नाही, पण त्याने दिवा जरा डावीकडे सरकवला. दिवसभरात तीनशे शब्द बोलले. माप हा शब्दही होता, एकशे चाळिसावा. तेव्हा मी तो नुसता शब्द म्हणून बोलले.

काल रात्री जेवण झाल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, माझ्या पायाचं माप काढून दे. त्याने का म्हणून विचारलं नाही. स्वतःचा चांगला कागद आणला, जमिनीवर बसला आणि पेन्सिल उभी धरून माझ्या पायाभोवती रेघ काढली, इतकी सावकाश की मला पाय अवघडला. मग खालूनच म्हणाला, "हिवाळ्यापेक्षा वाढलाय तो डाग, पण कडा आता स्थिर दिसते. मी बघतोय." मी म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाला, "तू पीठ लावायला लागलीस, म्हणजे तुला सांगायचं नसावं." केसाएवढी रेघ चुकली तर याला जेवण जात नाही, हे मीच तुला लिहिलं होतं. माझं वाचन असं आहे सगळं.

तुझी मान आता कशी आहे? झाकतेस की नाही? तू कधी लिहिलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. या वेळी पडद्यांबद्दल बोलायचं नाही. मे महिन्यात वर्ग बंद असतात, मी येते. तू नको म्हटलंस तरी येते, आणि बसमधून उतरेपर्यंत काचेतून काही बोलू नकोस.

सोबत दोन्ही पायांचं माप पाठवत आहे. उशीर झाला. उजवा अंगठा जरा बाहेर आहे, आईसारखा, त्याला जागा सोड. बाकी अंदाजाने काही वाढवायला नको, हा पाय आता वाढायचा नाही.

तुझीच,
टकळी